दोघांचं टेबल

लोक विचारतात, "काय मग, कशी झाली इटली?" मी म्हणते, "छान झाली." दुसरं काय सांगणार? इटलीत जाऊन दहा दिवस पोहे परतले असं सांगितलं तर माझीच शोभा व्हायची.

इटलीचं वचन मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मिळालं होतं. आम्ही नुकतेच इंग्लंडात रीडिंगला आलो होतो आणि हे हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर होते. पुढची तीस-बत्तीस वर्षं प्रत्येक सुट्टी पुण्याला गेली. कुणाची मुंज, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाचं तेरावं. लीव्ह जपून जपून साठवायची आणि सासर-माहेरात वाटून मोकळं व्हायचं. मी तक्रार केली नाही असं नाही, भरपूर केली. उत्तर दर वेळी ठरलेलं असायचं, "रिटायर झालो की निवांत जाऊ. आपण दोघंच."

झाले एकदाचे रिटायर. जानेवारीत मी बसून सगळं बुकिंग केलं. जीपी सर्जरीच्या, म्हणजे इथल्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर वीस वर्षं लोकांना अपॉइंटमेंट देणारी बाई मी, मला बुकिंग कोण शिकवणार! लुक्काला दोन दिवस, समुद्राकाठी तीन, आणि मग टस्कनीत द्राक्षांच्या मळ्यातल्या एका जुन्या घरात पाच. धावाधाव नाही, रोज दुपारी कुठंतरी नुसतं बसायचं. त्या मळ्याच्या मालकीणबाई आठवड्यातून एकदा वेलींच्या मधे टेबलं मांडून जेवण घालतात, एकपासून चारपर्यंत, अगदी सावकाश. त्यातलं दोघांचं टेबल मी धरून ठेवलं. खरं सांगते, बाकीची इटली नसती बघितली तरी चाललं असतं. मला ते तीन तास हवे होते.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला यांनी सगळ्यांसमोर आमचा बेत सांगितला आणि वर म्हणाले, "चला की तुम्हीपण!"

आता आपल्यात असं म्हणायची पद्धत आहे. पानावर बसलेला माणूस दारात आलेल्याला "या जेवायला" म्हणतो, आलेला "नको नको, आत्ताच झालं" म्हणतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण बेसिंगस्टोकवाले म्हणाले, "चला, येतो!" त्यांच्या पाठोपाठ वेम्बलीवाले म्हणाले, "मग आम्हीपण!" दोन्ही जोडपी आमच्या जुन्या ओळखीची, माणसं वाईट नाहीत. घरी येताना मी गाडीत म्हटलं, "अहो, भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? उद्या फोन करून सांगा, जमत नाही म्हणून." तर म्हणे, "बरं दिसत नाही."

मग काय, एक मिनीबस आणि सहा जण. बेसिंगस्टोकच्या वहिनींनी राइस कुकर घेतला होता. वेम्बलीच्या वहिनींनी ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांतून पोहे, साबुदाणा, मेतकूट अशी जय्यत तयारी करून आणली होती. लुक्काच्या जुन्या तटबंदीवरून रमतगमत फिरायचं होतं, ते आम्ही अर्ध्या तासात उरकलं, कारण बेसिंगस्टोकवाल्यांच्या यादीत त्याच दिवशी पीसाही होतं. समुद्राकाठच्या गावात उतरत्या पायऱ्या, खाली होड्या, कुणीतरी जाळं सुकत घातलेलं. मी एका पायरीवर जरा टेकले तेवढ्यात हाक आली, "वहिनी, ग्रुप फोटो राहिलाय!"

टस्कनीतल्या घराला मोठं स्वयंपाकघर आहे हे बघून दोघी वहिनी हरखल्या. मी मनात म्हटलं, झालं! पुरुष अंगणात वाइनचे ग्लास घेऊन मंडळाच्या कमिटीवर तावातावानं बोलायचे आणि आम्ही तिघी आत कांदे चिरायचो. हे मधेच आत येऊन "वा, फोडणीचा काय वास सुटलाय!" म्हणून जायचे. डोकं सणकायचं माझं.

गुरुवारी माझं ते मळ्यातलं जेवण होतं. मुद्दाम घेतलेला नवा ड्रेस घालून मी खाली आले, तर हे मालकीणबाईंशी बोलून परत येत होते.

"मी कॅन्सल केलं," म्हणाले. "तिच्याकडे दोघांचंच टेबल आहे, सहा जणांची सोय नाही. वेम्बलीच्या वहिनींची आज संकष्टी, सगळे घरीच जेवणार. आपण दोघंच कसं जायचं? बरं दिसत नाही."

चारचौघांत तमाशा नको म्हणून मी ड्रेसवर अ‍ॅप्रन बांधला आणि खिचडीला लागले. खिडकीतून वेली दिसत होत्या. आमच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. तो काहीतरी सांगत होता आणि ती मान मागे टाकून हसत होती. परक्या बाईचा इतका हेवा मी आयुष्यात केला नव्हता. खिचडी खाली लागली, तशीच वाढली.

परत आलो तेव्हा गॅटविक विमानतळावर सगळ्यांचे निरोप झाले, पुन्हा भेटायचं ठरलं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघंच गाडीत बसलो. एम पंचवीस मोटरवेवर लागलो आणि माझा बांध फुटला. "तुमच्या त्या भिडेपायी माझी इटली गेली," मी म्हटलं. "तोंडदेखलं बोलावलंत आणि ते निस्तरता आलं नाही तुम्हाला. बत्तीस वर्षं थांबले होते हो मी!" रडतच होते.

यांनी आरशात बघून लेन बदलली. मग म्हणाले, "मी तोंडदेखलं नव्हतं बोलावलं. मला ते यायला हवे होते."

"म्हणजे?"

"दहा दिवस आपण दोघंच काय बोललो असतो गं? घरी निदान बागेत जाता येतं, टीव्ही लावता येतो. तिथं त्या टेबलावर तीन तास..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तूच सांग. काय बोललो असतो?"

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

मी ताडकन तोंड उघडलं. म्हटलं, ऐकवतेच आता. तोंड उघडंच राहिलं. रीडिंगला पोचायला अजून तासभर होता. तो सगळा तास मी एक विषय शोधत होते, आणि घर आलं तरी मला तो सापडला नव्हता.