पाय काढू नको

आम्ही मुलगी पाहायला हिंगणघाटला गेलो, तेव्हा सगळे घरात जाऊन बसणार होते आणि एकटा मी बाहेर गाडीत. मुलगी माझ्यासाठीच पाहायची होती.

दोष गाडीचा. बाबांनी ती जुनी घेतली होती. धावायची झकास, पण उभी राहिली की इंजिन वर-खाली व्हायचं, दोन आचके द्यायचं आणि बंद. बॅटरी त्याहून म्हातारी, म्हणजे पुढे धक्काच. (वर्धेत आमच्या गल्लीतले लोक आम्ही निघायच्या वेळी दारं लावून घ्यायचे.) आदल्या दिवशी पिपरीच्या मिस्त्रीने कार्बोरेटर धुऊन दिला आणि आता बंद पडणार नाही म्हणून सांगितलं. पण बाबांचा कुठल्याच मिस्त्रीवर विश्वास नव्हता.

मुलीच्या दारात थांबताच बाबा म्हणाले, "गिअर काढ, पण अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढू नको. बंद पडली तं पोरीच्या बापाले धक्का माराले लावशीन का?"

"मंग मी आत कवा येऊ?"

"तू काऊन? आमी पाह्यतो ना."

गाडी घरात मलाच चालवता येत होती, त्यामुळे वाद संपला. मी पाय दाबून बसलो. इंजिन मात्र घूंऽऽ करून चढायचं, घुर्र करून उतरायचं. ते ऐकून मुलीचे वडील बाहेर आले, त्यांच्यामागे त्यांचे भाऊ, आणि बॉनेट उघडलं गेलं.

"पेट्रोलात पानी हाये," आमचे मामा म्हणाले.

"नाई हो, हवा खाऊन राह्यली कुठून तरी," मुलीचे वडील म्हणाले.

मामांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला. मुलगी पाहायचा कार्यक्रम बॉनेटखाली सुरू झाला आणि घरात आलूपोहे निवत पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असलं खटारं घेऊन आलेल्या माणसाला कोण मुलगी देणार?

शेवटी मुलगीच बशी घेऊन खिडकीशी आली.

"घ्या ना."

मी तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन किंचाळलं. मी खाली पाहिलं, ते शांत झालं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा किंचाळलं. तिने वाकून आत, माझ्या पायाकडे पाहिलं.

"हा पाय काऊन थरथर करून राह्यला?"

मी गुडघा हाताने दाबून धरला.

"काढून पाहा जरा."

"बंद पडीन."

"पडू द्या. आमच्याकडं ढकलाले लोक हायेत."

मी पाय काढला. इंजिन शिवणयंत्रासारखं एकसुरात चालू लागलं. मिस्त्रीचं काम चोख होतं, बिघाड माझ्या गुडघ्यात होता.

बॉनेटमागून मामांचं डोकं वर आलं. "पाह्यलं? स्क्रू आवळला अन् जमली!"

तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. स्थळ हातचं गेलं असं समजून मी आलूपोहे तेवढे संपवले. होकार आला तेव्हा सगळ्यात जास्त धक्का मलाच बसला.

गाडी पुढे भंगारात गेली. मामा अजून त्या स्क्रूची गोष्ट सांगतात आणि आम्ही दोघं मान डोलावतो. पण चार लोकांत बोलताना माझा आवाज वर-खाली व्हायला लागला, की बायको शेजारून हळूच म्हणते, "पाय काढा."