हात न लावलेला एक्सल

छावणीत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा तेव्हा गिऱ्हाइकं टायर बघायची, बॉनेट उचलून इंजिन बघायची, फार तर हॉर्न वाजवून बघायची. बद्रीनाथ मिस्त्री तेवढा गाडीखाली आडवा होऊन मागचा एक्सल बघायचा. पुढचं सगळं मिरवायला असतं, ओझं ओढतो तो मागचा, असं त्याचं मत होतं. माणसांबद्दलही त्याचं मत जवळपास हेच होतं, पण ते कुणी विचारत नसे.

त्याच्या थोरल्या बहिणीचा, सारजाबाईचा, नवरा सांडू पिशोरचा. घरी बापाची मेंढरं होती. ती सोडून सांडूने लिलावातली एक पेट्रोल जीप घेतली आणि पिशोर ते शहर अशी सवारी भरायला लागला. ही जीप पोलीस ॲक्शनच्या फौजेबरोबर आलेली, असं तो सांगायचा. जीपने ते कधी नाकारलं नाही.

पेट्रोल पिऊन जीप माजली आणि सांडू वाळला, तेव्हा बद्रीनाथने तिच्यात मोडलेल्या मेटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं. पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्टही काढून ठेवला. दोनच चाकं ओढली की डिझेल कमी जळतं, आणि दाजींना काही लढाईवर जायचं नव्हतं. मागचा एक्सल मात्र जुना, कंपनीचा, तसाच ठेवला.

शेजारच्या गॅरेजचा रामकिसन बघायला आला. "बद्री, खांदा गोऱ्ह्याचा आन् गाडा उसाचा. मागचं बदल, नायतर तुटंल."

"एक्सल इंजिनानं तुटत नाय, रामकिसन. पायानं तुटतो," बद्रीनाथ म्हणाला. "आन् दाजींचा पाय मेंढरामागं चालून तयार झालाय."

हे मात्र खरं होतं. घाई केली की कळप बिथरतो, हे सांडू लहानपणीच शिकलेला. क्लच असा सोडायचा की पायाखाली कोकरू झोपलं असावं. फुलंब्रीची पोरं मागे लटकून म्हणायची, "सांडूबा, उतरून ढकलू का?"

"बसून राहा. उतरलास तर मागं राहशील."

वर्षं गेली. दुसऱ्यांच्या जीपगाड्या डिझेल इंजिनं घालून रस्त्यात बसायच्या, एक्सल तुटायचे. सांडूची चालत राहिली. नव्या जीपवाल्याला मनात शंका आली की बद्रीनाथ त्याला सांडूच्या जीपखाली झोपवायचा. "बघा. कंपनीचा एक्सल. बसवल्यापासून हात लावलेला नाय." गिऱ्हाईक कपड्यांना ग्रीस लावून, पण निश्चिंत होऊन बाहेर यायचं. खंडेनवमीला सगळे जण बॉनेटवर हार घालत. बद्रीनाथ खाली सरपटत जाऊन एक्सलच्या मधल्या गोळ्याला हळदकुंकू लावायचा, आणि सारजाबाई ताट धरून वाकून विचारायची, "दिसतोय का देव?"

मग एका उन्हाळ्यात जीप जागेवरून सुटताना मागून 'कट्' असा आवाज यायला लागला. सांडू जीप घेऊन आला. सारजाबाई सोबत होती.

बद्रीनाथने कान लावला. आवाज एक्सलमधून येत होता, हे त्याला पहिल्याच झटक्यात कळलं. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट सैल झालेत, असं तो म्हणाला आणि बोल्ट आवळू लागला.

"उघडून बघ की, बद्री," सारजाबाई म्हणाली. "मानसाचं पोट दुखलं तर दाबून तरी बघत्यात."

"अक्का, तू भाकरीचं बघ."

उघडला असता तर तो हात लावलेला एक्सल झाला असता. मग नव्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचं? बोल्ट आवळल्यावर आवाज थोडा कमी झाला. सांडू म्हणाला, "तू बघितलंस ना? मंग झालं," आणि कोकरू न उठवता निघून गेला.

दिवाळीनंतर कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना सारजाबाईला साप चावला. भर दुपार. गावच्या डॉक्टरने दंडाला पट्टी बांधली आणि म्हणाला, शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्या, उशीर करू नका. सांडूने तिला जीपमध्ये निजवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबला. जीप अशी पळाली की रस्त्याकडेची माणसं हसली. सांडूबाला आज काय झालं म्हणून.

फुलंब्रीच्या अलीकडे चढ आहे. तिथे त्याने गियर बदलून क्लचवरचा पाय झटक्यात सोडला आणि एक्सल तुटला. इंजिन तर जोरात गर्जत होतं. त्याच्यात काहीच बिघाड नव्हता. फक्त ती ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती. दुसरं वाहन येईपर्यंत सारजाबाई बोलायची थांबली होती. ते येऊन निघेपर्यंत बाकीचंही थांबलं.

दहाव्यापासून सांडू डाव्या पायात, क्लचच्या पायात, वहाण घालीना. उजव्यात घालायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, "ह्या पायानं तोडला. बद्री आधीच म्हनला व्हता." त्याला समजावणाऱ्यांत बद्रीनाथही बसला होता. तो काहीच बोलला नाही, आणि लोक म्हणाले, सख्ख्या भावाचं दुःख.

जीप ओढून गॅरेजला आणली. बद्रीनाथने एक्सल उघडला आणि आतला तुटलेला शाफ्ट बाहेर काढला. आडवा तुटलेला. तुटल्या तोंडाचा थोडा भाग ताजा तुटल्यासारखा, खडीसाखरेगत चकाकत होता. बाकी सगळा काळा, तेल मुरलेला. चीर जुनी होती. उरलेल्या तेवढ्याशा लोखंडावर जीप उन्हाळ्यापासून चालत होती, आणि ती चालली याचं श्रेय सांडूच्या पायाला होतं. बद्रीनाथने तो तुकडा पोत्यात गुंडाळला आणि हत्यारांच्या पेटीमागे ठेवला. रोज पेटी उघडायचा, पोतं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सांडू एसटीने आला. जीप उभीच होती, तिला हार घालायला. एका पायात वहाण. ताट त्याने स्वतःच धरलं होतं. बद्रीनाथ जीपखाली गेला नाही. पोतं आणून सांडूसमोर सोडलं.

"दाजी, हे बघा. काळं हाय ते जुनं. तुमच्या पायानं तुटलं ते एवढंच, ही चकाकती किनार."

सांडूने काळ्यावरून अंगठा फिरवला. "हे कधीचं?"

"कट् वाजत व्हतं ना. तवाचं."

"तवा ती म्हनली व्हती, उघडून बघ."

"व्हय."

सांडूने तुकडा जमिनीवर टेकवला, अगदी हळू, त्याच्या पायाच्याच रीतीने. ताट बॉनेटवर ठेवलं. बद्रीनाथकडे न बघता तो चालत स्टँडकडे गेला. जीपला त्याने हार घातला नाही, आणि नंतर कधी न्यायलाही आला नाही.

त्यानंतर बद्रीनाथ हॉर्न दुरुस्तीला आलेल्या गाडीचाही मागचा एक्सल उघडायला लागला. गिऱ्हाइकं वैतागली आणि हळूहळू रामकिसनकडे वळली. रामकिसनने कधी टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

पुढे पिशोरचा एक मेंढीवाला छावणीच्या बाजारात भेटला. सांडूने जीपचा नाद सोडला, परत मेंढरं धरली, असं म्हणाला.

"पायात?" बद्रीनाथने विचारलं.

"पायात काय?"

"वहाणा."

माणसाने जरा आठवून पाहिलं. "हायेत की. दोन्ही पायांत."

बद्रीनाथने मान हलवली. सांडूने आपली चौकशी केली का, हे त्याने विचारलं नाही.