हल्लावाऱ्याची हरकत नव्हती

पंचायतीच्या कचेरीत, कोट टांगायच्या खोलीत सरपंच आर्वी आणि त्याचा मेहुणा तौनो भांडत होते, आणि दाराआड ओक्सेन्या कॉफीची किटली धरून उभी होती. हल्लावारा पंचायत शहरात विलीन करायची की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. विलीनीकरण दोघांनाही नको होतं. भांडण होतं ते उठून बोलायचं कोणी यावर.

"दाजी, तुम्ही थोरले. तुम्हीच उठा."

"म्हणजे गाव म्हणायला मोकळं, आर्वीला खुर्ची सोडवेना. तूच उठ की."

"मी? आणि चारचौघांत शहाणपणा मिरवू?"

ओक्सेन्याला हसू आलं. ती पूर्वेच्या सरहद्दीवरच्या कारेलियाची. युद्धात सरहद्द सरकली, तिचं गाव पलीकडे, परक्या देशात गेलं, आणि ती एक गाय हाकत इथं आली. तिच्या माहेरी एका वेळी दहाजण बोलत आणि अकरावा गात असे. इथं दुकानात दोनदा बोललं की बायका साखरेच्या पोत्याकडे बघायला लागत. मग तिनं जीभ आवरली. पंचायतीच्या कचेरीत झाडलोट, शेकोटी आणि कॉफीचं काम मिळालं, मागची खोली राहायला मिळाली. पुष्कळ वर्षांनी आर्वीची बायको म्हणाली, "तू आता आमच्यातलीच झालीस गं." ते बोल ओक्सेन्यानं दागिन्यासारखे जपले.

सभेत शहरचे साहेब कागद वाचून म्हणाले, "कोणाची हरकत?"

हरकत सगळ्या गावाची होती. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. हल्लावाऱ्यात असं गप्प बसणं म्हणजे साफ नकार, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. साहेबांना पाळण्यात कोणी ते शिकवलं नव्हतं. ते मात्र सभ्यपणे बराच वेळ थांबले.

ओक्सेन्याच्या ओठांवर शब्द आले होते. कचेरी गेली की तिची खोली जाणार, दुसऱ्यांदा घर जाणार. पण समोर आर्वीची बायको बसली होती. आता तोंड उघडलं तर म्हणतील, शेवटी बाहेरचीच. तिनं शब्द गिळले आणि कप भरले.

"एकमतानं मंजूर," साहेब म्हणाले. इतकं समजूतदार गाव आपण पाहिलं नाही, असंही म्हणाले. पहिला कप उचलायला कोणी धजेना, तोही त्यांनीच उचलला, आणि वेलदोड्याच्या गोड पावाचे दोन तुकडे खाल्ले.

घरी जाताना आर्वी खुशीत होता. "कसे गप्प बसलो आपण! मंजूर म्हणाले खरे, पण आता हिंमत करणार नाहीत."

पुढल्या वर्षी पंचायतीची पाटी उतरवायला माणसं आली, तेव्हा गावाला उलगडा झाला. कचेरी विकली गेली. ओक्सेन्याची खाट उचलायला तौनो आला, आपल्या परसातली खोपी त्यानंच तिला देऊ केली होती. खाट जिन्यात अडकली तेव्हा तो म्हणाला, "तू तरी बोलायचंस, ओक्सेन्या. तुमच्या लोकांना बोलता येतं."

तिनं खाटेचा पाय सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं शेकोटीतली राख काढली, फरशी पुसली, कुलूप लावलं आणि बसनं शहरात गेली. साहेबांनी किल्ली घेतली, आपुलकीनं विचारलं, काही सांगायचंय का?

"मागच्या दाराची कडी थंडीत अडकते. जरा वर उचलून ओढायची," ती म्हणाली, आणि परतीची बस धरायला निघाली.