जिन्यातल्या झोपेचा फोटो

आमच्या हॉस्पिटलात एक्स-रेच्या दारावर लाल अक्षरांत पाटी आहे: 'धोका, हाय व्होल्टेज'. पाटी मशीनसाठी लावलेली, पण आत तेवीस वर्षं काम करणाऱ्या ताईंनाच सगळे मागून 'हाय व्होल्टेज' म्हणतात. मी शेजारच्या खोलीत रिपोर्ट टाइप करते. मधल्या भिंतीत शिसं घातलेलं आहे. त्यानं किरण अडतात, ताईंचा आवाज अडत नाही.

अंगानं किडकिडीत, वय अठ्ठेचाळीस, राग कायम नाकावर. पेशंट हलला की ओरडणार, नातेवाईक आत घुसले की ओरडणार. पण म्हाताऱ्या माणसाला टेबलावर झोपवताना मानेखाली हात घालून इतकं अलगद झोपवणार, की तो माणूस बाहेर जाऊन सांगायचा, बाई तोंडाच्या फटकळ आहेत पण हात मऊ आहे.

या ताईंना त्यांच्या धाकट्या भावानं आपला जुना कॅमेरा दिला आणि तिथून सगळं सुरू झालं.

"यात काय शिकायचं?" त्या मला म्हणाल्या. "तेवीस वर्षं माणसाच्या आतले फोटो काढतेय. बाहेरचे काय अवघड आहेत?"

पहिल्या महिन्यात त्यांनी हजारभर फोटो काढले. गॅलरीतल्या कुंड्या, दूधवाला, दुकानांच्या पायऱ्या, सासूबाईंची चष्म्याची डबी. घरी नवऱ्याला दाखवायच्या. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता, शांत माणूस. तो प्रत्येक फोटोला "छान" म्हणायचा. एकदा ताईंनी लेन्सचं झाकण न काढताच बटण दाबलं आणि नुसता काळा आलेला फोटो त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "छान आलाय. अंधारातला आहे का?"

दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता त्या मला म्हणाल्या, "वीस वर्षं माझ्या भाजीलाही हा छानच म्हणतोय. म्हणजे एवढी वर्षं मी काय खायला घातलं, देव जाणे!"

खरं सांगणारं कुणीतरी हवं म्हणून त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या फोटोग्राफी मंडळात जायला लागल्या. रविवारी सकाळी दहा वाजता बारा-तेरा माणसं जमत. भिंतीवर एकेक फोटो दाखवायचा आणि बाकीच्यांनी बोलायचं. अध्यक्ष होते बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. त्यांच्या गळ्यात दोन कॅमेरे असायचे आणि आवाज तुपात भिजवलेला.

पहिल्याच रविवारी ताईंनी रस्त्यापलीकडून काढलेला चांभाराचा फोटो लावला. साहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. पण भावना पोहोचत नाही."

"कुठे अडकली?" ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भावना. डावीकडे अडकली का उजवीकडे? आमच्याकडे डॉक्टर फिल्म परत पाठवतात तेव्हा सांगतात, पेशंट तिरका झोपलाय, खांदा कापलाय. मग मी परत काढते. 'पोहोचत नाही' ऐकून मी काय परत काढू?"

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी खाकरलं. ते स्टुडिओवाले आजोबा होते. चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून त्यांनी दुकान बंद केलं होतं, आणि मंडळात ते बहुधा डुलक्या काढायलाच येत.

"बाई, डोक्यातून विजेचा खांब उगवलाय," ते म्हणाले.

"कुणाच्या? माझ्या?"

"तुमच्या चांभाराच्या. मागे बघा जरा. आणि एवढ्या लांबून का काढलात? चावतो का तो?"

लोक हसले. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांब खरंच होता, अगदी टाळूतून सरळ वर गेलेला, आणि तो त्यांना आधी दिसलाच नव्हता. म्हातारा खोटं बोलला असता तर त्यांना इतका राग आला नसता.

घरी येऊन त्यांनी एक वही काढली. डाव्या पानावर लिहिलं, 'खांब. लांबून काढलाय.' उजव्या पानावर लिहिलं, 'आगाऊ म्हातारा.' ही वही मी पुढे पाहिली आहे. डावीकडे प्रत्येक रविवारची टीका आणि उजवीकडे ताईंचा जबाब. 'माणूस कडेला ढकललाय.' 'मग काय डोक्यावर घेऊ?' 'ऊन तोंडावर, डोळे बारीक.' 'सूर्य माझ्या बापाचा नाही.' पण चार-सहा पानं उलटली की उजवीकडच्या शिव्यांवर आडवी रेघ दिसते आणि खाली बारीक अक्षरात 'बरोबर होतं'. साहेबांच्या शेऱ्यांपुढे मात्र रेघ नाही. तिथले जबाब मी इथे लिहू शकत नाही.

ताई चिडत चिडत शिकल्या. पाठीमागचं बघून मग पुढचं बघायला लागल्या. दोन पावलं जवळ जायला लागल्या. पाच-सहा महिन्यांत फोटोंतली माणसं माणसांसारखी दिसायला लागली.

आणि मग त्यांनी मावशींचा फोटो काढला.

मावशी आमच्या मजल्यावर झाडलोट करायच्या. वय साठीला टेकलेलं, बोलणं मोजकं. पण ताईंशी त्यांचं जमायचं. खोली पुसताना दोघी सुपरवायझरला मिळून नावं ठेवायच्या. एका दुपारी मावशी मागच्या जिन्यात भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. चपला शेजारी, बादली पायाशी, तोंड उघडं, केस सुटलेले. वरच्या झरोक्यातून उजेडाची तिरीप बरोबर चेहऱ्यावर पडली होती. ताईंनी श्वास न घेता तीन फोटो काढले आणि पाय न वाजवता परत आल्या.

रविवारी भिंतीवर तो फोटो लागला. ना खांब, ना कापलेला खांदा. साहेब उभे राहिले. "अप्रतिम! याला नाव मी देतो. 'थकलेलं आयुष्य'. आपल्या शनिवारच्या प्रदर्शनात हाच मध्यभागी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंना टाळ्यांची सवय नव्हती. त्यांनी उगाच पर्स उघडली आणि बंद केली.

स्टुडिओवाल्या आजोबांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. जाताना त्यांनी विचारलं, "फोटोतल्या बाईंना दाखवलात?"

"दाखवेन की."

"टांगायच्या आधी दाखवा."

"आता चांगला काढला तरी तुमचं आहेच का?" ताई तिथेच उसळल्या. "एवढ्या महिन्यांत एकदा चांगलं म्हणा की!"

"चांगला आहे. म्हणूनच विचारलं," ते म्हणाले आणि काठी टेकत जिना उतरले.

ताईंनी दाखवला नाही. आज दाखवू, उद्या दाखवू, करत राहिल्या. खरं म्हणजे दाखवायला त्यांची जीभ रेटेना, आणि का रेटत नाही याचा विचार त्यांनी टाळला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

प्रदर्शन शनिवारी वाचनालयातच लागलं. मावशींची धाकटी मुलगी परीक्षेच्या अभ्यासाला त्याच वाचनालयात बसायची. सोमवारी सकाळी मावशी एक्स-रेच्या खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडकं नव्हतं. मी रिपोर्ट द्यायला तिथेच उभी होते.

"ताई, माझं आयुष्य थकलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ताईंचा चेहरा उतरला. "मावशी, ते नाव साहेबांनी दिलं. फोटो फार चांगला आलाय, सगळे म्हणाले."

"सगळे म्हणजे कोण? त्यात मी आहे का?"

ताई टेबलावरची चादर सारखी करायला लागल्या.

"त्या फोटोच्या आदल्या रात्री माझ्या मोठ्या लेकीला मुलगी झाली. रात्रभर जागी होते मी, आणि सकाळी तशीच ड्यूटीवर आले. सगळ्यांना सांगायचं होतं. म्हटलं, जरा डोळा लागू दे, मग पहिल्यांदा ताईंना सांगते. उठले तर तुमच्या दारात पेशंटची रांग, मग लेकीच्या धावपळीत सांगायचं राहूनच गेलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आयुष्यातला एवढा आनंदाचा दिवस, आणि तुम्ही तो भिंतीला टांगून खाली मेल्यासारखं नाव लिहिलंत. तोंड उघडं, केस पिंजारलेले. माझी धाकटी लेक मैत्रिणींबरोबर उभी होती तिथे. एका मैत्रिणीनं तिला विचारलं, बिचारी कोण गं ही?"

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"विचारलंत असतं तर कळलं असतं. इथे टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येकाला सांगता ना, आता श्वास धरा, आता काढतेय? मग मला का नाही सांगितलंत? मी पैसे भरलेली पेशंट नाही म्हणून?"

एवढं बोलून त्या गेल्या. दुपारपर्यंत त्यांनी मजला बदलून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत ताई तडक वाचनालयात गेल्या. मीही मागून गेले, कारण त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली होती. खुर्चीवर चढून त्या फोटो उतरवायला लागल्या, तोच साहेब धावत आले.

"अहो बाई, प्रदर्शन चालू आहे! असं मधेच काढता येत नाही. त्या बाईंची समजूत काढू आपण. कला म्हणजे काय हे त्यांना..."

"त्यांना नका समजावू, मला समजावा," ताई खुर्चीवरूनच गरजल्या. "तुम्ही तिला कधी पाहिलंत? तिच्याशी बोललात? मग नाव कुठून आणलंत? आणि मी मूर्ख, टाळ्या वाजल्या म्हणून विरघळले. खांब दिसला नाही तेव्हा मी नुसती आंधळी होते. आता डोळे उघडे ठेवून चोरी केली."

खालच्या मजल्यावरचे वाचक वर येऊन बघायला लागले. ताईंनी फोटो काखेत मारला, नावाची पाटी फाडली आणि निघाल्या. मंडळात त्या परत गेल्या नाहीत.

संध्याकाळी त्या फोटो आणि त्याची फाइल असलेलं कार्ड घेऊन मावशींकडे गेल्या. मावशींनी दारातूनच दोन्ही घेतलं आणि दार लावलं. माफी मागायला वेळच मिळाला नाही. मागच्या जन्मीचं वैर असल्यासारखे पुढचे तीन महिने मावशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताई त्या दिवसांत सगळ्यांवर खेकसत होत्या. सगळ्यात जास्त स्वतःवर.

कॅमेरा मात्र त्यांनी ठेवून दिला नाही. आता त्या आधी विचारायच्या. विचारलं की माणसं पोटं आत घेऊन ताठ उभी राहायची. फोटो पुन्हा बिघडले. त्या स्टुडिओवाल्या आजोबांच्या घरी जाऊ लागल्या. ते फोटो बघून म्हणायचे, "फळ्या उभ्या केल्यात. विचारल्यावर लगेच काढायचं कशाला? बसा. बोला. पासपोर्टवाल्याला वेळ नव्हता, तुम्हाला आहे." ताई चडफडत घरी यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी अर्धा तास गप्पा मारत बसायच्या, कॅमेरा मांडीवर ठेवून.

चौथ्या महिन्यात सुपरवायझरनं मावशींना परत आमच्या मजल्यावर टाकलं. मावशी खोली पुसायच्या, ताई फाइली चाळायच्या. एक दिवस टेबलावर लिफ्टमनचा फोटो पडला होता. तो निवृत्त होणार होता, त्याला भेट द्यायला ताईंनी काढलेला. मावशी पुसता पुसता थांबल्या.

"हा असा हसत नाही," त्या म्हणाल्या.

ताईंनी मान वर केली. "म्हणजे?"

"हे दात दाखवणं झालं. हसतो तेव्हा तो खाली बघतो. आणि स्टूल कुठाय? एवढी वर्षं त्या स्टुलावर काढली त्यानं, तुम्ही त्याला भिंतीपाशी उभा केलाय गुन्हेगारासारखा."

"तीनदा काढलाय मी तो! तीनदा!"

"मग चौथ्यांदा काढा."

ताईंनी फाइल आपटली. मावशींनी बादली उचलली आणि पुढच्या खोलीत गेल्या. तेव्हापासून प्रत्येक फोटो आधी मावशींपुढे जातो. दहातले आठ त्या परत पाठवतात, कारणासकट. दोघींची भांडणं मला टाइप करताना ऐकू येतात. मावशींनी स्वतःचा फोटो अजून काढू दिलेला नाही. ताईंनी वर्षभरात दोनदा विचारलं. मावशी दोन्ही वेळा "नाही" म्हणाल्या, आणि ताईंनी तिसऱ्यांदा विचारलेलं नाही.

लिफ्टमनचा चौथा फोटोही नापास झाला. पाचवा त्याच्या घरी लागलाय.