मावसाजींचं पावसाचं भांडं

पावसाशी आमच्या मावसाजींइतका प्रामाणिक राहिलेला माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. पावसाने मात्र त्यांच्याशी कधी धड वागून दाखवलं नाही. लोणारजवळच्या बीबी गावापासून तीन कोसांवर त्यांचं गाव. एके वर्षी तिथे जीप आली, तिच्यातून एक गोरा साहेब आणि एक दुभाष्या उतरले आणि मावसाजींच्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर त्यांनी पर्जन्यमापक बसवलं. वर फनेल, आत बाटली आणि मोजायला काचेचं माप. साहेबाने समजावलं, की आफ्रिकेतल्या आणि इतर कमी पावसाच्या अनेक गरीब देशांत अशी भांडी बसवली आहेत. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि दर मंगळवारी पत्र टाकायचं. साता समुद्रापलीकडच्या एका कचेरीत ती सगळी पत्रं जमा होतील, पाऊसमान बदलतंय का ते कळेल आणि जिथे कोरडं असेल तिथे सगळे देश मिळून मदत पाठवतील. गावाने भाषण ऐकलं, चहा घेतला आणि विसरून गेलं. मावसाजी विसरले नाहीत.

भांड्यावर थेंब उडू नयेत म्हणून त्यांनी मावशीची कपडे वाळवायची दोरी गोठ्यामागे नेली. पोरीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं आणि वधूपिता मांडवातून गायब. साडेआठ वाजले होते. मोजमाप आटोपून आले आणि मग पोरीच्या गळ्यात पडून सगळ्यांत जास्त तेच रडले. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पत्रात नुसती शून्यं जायची. पोस्टमन म्हणाला, "मावसाजी, शून्य कळवाले तिकीट काऊन खर्च करता?" त्यावर हे म्हणाले, "मोजलं नाही आन शून्य निंघालं, ह्या दोन गोष्टी हायेत गड्या."

साहेबाच्या भाषणातलं सगळ्यांत जास्त त्यांना काय भावलं असेल, तर आफ्रिकेतला माणूस. तिकडेही कुणीतरी रोज असाच भांड्यावर वाकत असणार, हे त्यांच्या मनाने घेतलं. शाळेत जाऊन त्यांनी नकाशावर आफ्रिका पाहून घेतली. आपल्याकडे चांगला पाऊस झाला की हे ओशाळे व्हायचे. "त्याच्या इथं कोरडं असन तं?" एकदा मी चिडवलं, की आपले साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे अजून उजाडलेलंही नसतं. मावसाजी कळवळून म्हणाले, "मंग लवकर उठत असन बिचारा."

बहात्तर सालच्या दुष्काळात मी कॉलेजातून त्यांच्याकडे गेलो होतो. गावची विहीर आटली होती, बाया दीड कोसावरून पाणी आणत होत्या. त्या परदेशी कचेरीने बोअर खणायचं यंत्र पाठवलं होतं आणि पत्रांवरून जे गाव सर्वांत कोरडं ठरेल तिथे ते आधी जाणार होतं. आमचं गाव यादीत पहिलं होतं. मावसाजींच्या त्या शून्यांना पहिल्यांदाच गावात मान आला. त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला आणि लोणारच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. निघताना त्यांनी काचेचं माप माझ्या हातात दिलं. "भांड्यात जे असन ते लिहजो. आभायाकडे पाहू नोको, आपलं डोस्कं मधात घालू नोको."

मंगळवारी सकाळी पाहतो तर भांड्याला हळदकुंकू, फनेलमध्ये बेलाचं पान आणि बाटली भरलेली. पाऊस यावा म्हणून महादेवाला पाणी घालतात, तसं सोमवारी संध्याकाळी गावच्या बायांनी मावसाजींच्या देवाला घातलं होतं. मला हसू आवरेना. पण हुकूम म्हणजे हुकूम. मोजलं, आकडा लिहिला, नियमाप्रमाणे पाणी ओतून दिलं आणि पत्र टाकलं. मला फार मोठा विनोद केल्यासारखं वाटत होतं. त्या विनोदाची लाज मला आजही वाटते.

मावसाजी परतले तेव्हा मी तो किस्सा रंगवून सांगितला. ते ओट्यावर बसले. "हसून काऊन राह्यला बे? तिथल्या मानसाले वाटन, इथं पानी पडलं."

"तुम्हीच म्हणाला होता, भांड्यात असेल ते लिही."

"हाव," ते म्हणाले, "म्हनलं होतं." आणि अंगात कसकस असताना दुरुस्तीचं पत्र टाकायला बीबीपर्यंत चालत गेले.

महिन्याभराने त्या कचेरीचं उत्तर आलं. इतक्या वर्षांतलं पहिलंच. इंग्रजी होतं म्हणून मी वाचून दाखवलं. तुमच्या गावी पाऊस झाल्याचं वाचून कचेरीत सर्वांना आनंद झाला. यंत्र दुसऱ्या, अधिक कोरड्या गावाकडे रवाना केलं आहे. दुरुस्ती त्यानंतर पोचली, क्षमस्व. पुढच्या उन्हाळ्यात नक्की पाठवू. मावसाजींनी ते दोनदा वाचायला लावलं.

"सगळ्याइले आनंद झाला म्हनते?"

"हो."

"चांगले लोक हायेत." बराच वेळ ते पत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "बायाइले सांगू नोको. दीड कोसावरून आनलेल्या पान्यातलं देल्लं त्याइनं."

गावाला त्यांनी सांगितलं, की आपल्याच हातून लिहिण्यात चूक झाली. गावाने त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं, कुणी कुणी तर पुढे रामरामही घेईना. बाया पाण्याला जातच राहिल्या. त्याच वैशाखात उतारावर मावशीचा पाय घसरला, डोक्यावरची पाण्याची गुंडी गडगडत गेली आणि तिची कंबर मोडली. पुढच्या उन्हाळ्यात यंत्र आलं, पाणीही लागलं. तोवर मावशीच्या हातात काठी आली होती, ती कायमची. मावसाजी सकाळी साडेआठला मोजत राहिले, फक्त आफ्रिकेतल्या माणसाबद्दल बोलायचे बंद झाले.

ते गेले त्या वर्षी मी मावशीला भेटायला गेलो. भांडं ओट्यावर तसंच होतं. मावशी त्याच्याशेजारी बसली होती. म्हणाली, "तुले एक सांगू? त्या सोमवारी पैला लोटा माहा होता. मंग बाकीच्याइनं घातलं."

मी तिच्याजवळ ओट्यावर टेकलो.

"रोज सकाळी त्या कोरड्या भांड्यात पाह्यलं का त्याइचं तोंड उतरून जाये. मले पाहवे ना. म्हनलं, मंगळवारी दवाखान्यातून येतीन, तं भांड्यात पानी दिसू दे एक डाव." तिने माझ्याकडे पाहिलं. "दिसलं होतं का रे त्याइले?"

मावसाजी आले ते गुरुवारी, आणि पाणी मी मंगळवारीच ओतून दिलं होतं.

"दिसलं होतं मावशी," मी म्हणालो. "लय खुश झाले होते."

मावशीने पदराने भांड्यावरची धूळ पुसली. आयुष्यभर भांड्यात असेल तेवढंच लिहिणाऱ्या माणसाच्या अंगणात बसून मी ते बोललो. पण ही एक नोंद मावसाजींनी खोडली नसती, असं मला वाटतं.