फोटोतली मागची माणसं

नेर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत बिजलीबाई राठोड मुलींच्या वसतिगृहाची मदतनीस. नाव बिजली आणि स्वभावही तसाच. तिच्यादेखत ताटात भाजी उष्टी टाकायची कोणाची छाती नव्हती. दरवर्षी नववीची सहल दिल्लीला निघाली की शिदोरीच्या तिखट पुऱ्या तीच तळायची, आणि पोरी परतल्या की आधी मोबाइल मागायची. पोरी उत्साहाने दाखवायच्या, "बाई, हा पाहा लाल किल्ला!" बिजलीबाईला किल्ल्याशी काय घेणंदेणं! ती दोन बोटांनी फोटो मोठा करून मागची माणसं न्याहाळायची.

मागच्या माणसांत लाली असू शकत होती. लालीबाई तिची थोरली बहीण, हिला कडेवर घेऊन अख्खा तांडा फिरवणारी. सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर दिल्लीला गेली. पहिल्या दोन होळ्यांना मुकादमाहाती निरोप आला, मग मुकादम बदलला आणि निरोप थांबला. तांड्याने तिचं नाव घेणं सोडलं. आई शकुबाईने आणि बिजलीबाईने नाही सोडलं.

यंदा सहलीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुलींबरोबर बाईमाणूस तर हवंच. सहल नेणारे अतुल सर यादी करत बसले होते, तर बिजलीबाई समोर उभी.

"सर, मले न्या."

"अन् इथं राहणाऱ्या पोरींचं कोण पाहीन?"

"वीस वर्षं मीच पाह्यलं ना? आठ दिवस पाहीन कोणीबी."

सरांनी नाव लिहिलं.

निघताना ती तांड्यावर आईला भेटून आली. शकुबाईने बजावलं, "दिसली तं बोलत नको बसू. गळ्यात पड." तांड्यातली रीतच तशी. लांबच्या भेटीत बाया आधी गळ्यात पडतात, आई, बाप, भाऊ, सगळ्यांची नावं घेत सुरात रडतात. खुशाली नंतर.

बिजलीबाईच्या डोक्यात दिल्ली म्हणजे नेरचा बाजार, फार तर चार पट. नेरात हरवलेलं माणूस दुपारपर्यंत सापडतं. इथे दोन दिवस बसमधून फिरूनही गर्दी संपेना. पोरी मान वर करून घुमट पाहायच्या, ही फुटपाथ पाहायची. तिसऱ्या दिवशी तिला नुसतं रडायला येत होतं.

त्याच दुपारी इंडिया गेटच्या अलीकडे फरशी बसवणाऱ्या बायांत एक पाठमोरा फेटिया दिसला, आरसे लावलेला तो घागरा. तीच उंची, तीच वाकायची ढब. पोरींची रांग, सरांची शिट्टी, सगळं टाकून बिजलीबाई धावली आणि "लाली!" म्हणत गळ्यात पडली.

त्या बाईच्या हातचं घमेलं खाली पडलं. तिनेही मिठी घातली आणि रडू लागली, त्याच बोलीत, त्याच सुरात. बिजलीबाईने शकुबाईचं नाव घेतलं. त्या बाईने घेतलं ते कुण्या झमकूबाईचं. भावाचं नाव निघालं, तेही अनोळखी. ही लाली नाही, हे बिजलीबाईला कळलं, पण तिने मिठी सोडली नाही. त्या बाईलाही कळलंच असणार. तिनेही सोडली नाही.

नववीतल्या उर्वशीने फोटोसाठी वर केलेला मोबाइल खाली घेतला. "बाई, तुमची बहीण होय?"

"नाही वं," डोळे पुसत बिजलीबाई म्हणाली.

बाई सोलापूरकडच्या एका तांड्यातली निघाली. लालीला ती ओळखत नव्हती.

परतीच्या वाटेवर बिजलीबाईने खोटं जुळवून ठेवलं होतं, लाली भेटली, सुखात आहे म्हणून. आईसमोर बसल्यावर ते तोंडातून निघेना.

"नाही भेटली, याडी. दुसरीच होती. मी तिच्याच गळ्यात पडून रडली."

"तिच्या माहेरचं कोणी येते काय तिथं?"

"बारा वर्षांत कोणी नाही गेलं म्हणे."

शकुबाई म्हणाली, "मंग लालीच्याबी गळ्यात पडलं असन कोणी ना कोणी."

"असन, याडी."

"पुढल्या साली पोरीईले सांगजो," म्हातारी म्हणाली, "फेटियावाली कोणीबी दिसली तं फोटो नका काढू म्हणा, नाव नका विचारू म्हणा. गळ्यात पडा म्हणा."