उलट्या फेरीचे आबा

महाळुंग्याच्या आमच्या बागेत सगळी माणसं एका दिशेने फिरतात, आबा तेवढे उलटे फिरायचे. रखवालदाराने त्यांना दोनदा बाणाची पाटी दाखवली. आबा म्हणाले, "फुडच्याची पाठ बघत चालायला आमी काय मेंढरं हाय का? तोंड दिसलं म्हंजी मानूस भेटल्यागत वाटतंय."

गावठाणातला हा सत्तरी ओलांडलेला गडी. धोतर, पांढरी टोपी आणि पायात नातीने घेऊन दिलेले पोपटी बूट. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला उजवा हात उंच करून रामराम घालायचे. कानात गाणी अडकवून पळणारी आयटीतली पोरंसुद्धा त्यांना पाहून हात वर करायला शिकली होती.

मी बागेत गेलो तो काही हौसेने नाही. हृदयात स्टेंट बसला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि मला तर पलंगावरून मोरीपर्यंत जायची धास्ती. एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात जिभेखाली ठेवायची गोळी, डावा हात सतत छातीवर. इथे पडलो तर कोणाला कळणार, एवढंच डोक्यात. पहिल्याच दिवशी आबांनी मला अडवलं. "सायेब, छाती काय कोन चोरून न्हेतंय व्हय? हात हालवा की!" मी सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून म्हणाले, "एका फेरीत दोनदा आपली गाठ पडती. तुमी न्हाई दिसला, तर मी हुडकीत येतो. चाला."

त्या बोलण्यावर मी चालायला लागलो. आठवड्याभरात छातीवरचा हात सुटला. पुढे पुढे कोवळं ऊन पाठीवर घ्यावंसं वाटू लागलं, घरी गेल्यावर कडकडून भूक लागायची. भीती मात्र कुठे गेली नव्हती. पोटातला साधा वारा छातीकडे सरकला तरी माझा हात पुन्हा छातीवर जायचा. "आली आमची भागूबाई!" आबा लांबूनच ओरडायचे. बागेतल्या व्यायामाच्या यंत्रावर ते औतावर उभं राहावं तसे ऐटीत उभे राहायचे, पण बाकावर कधी टेकायचे नाहीत. "बसाया घर हाय की."

एका सकाळी ते मला नेहमीसारखे फाटकापाशी भेटले नाहीत. पलीकडच्या वळणावर, कडुनिंबाखाली दिसले. त्यांनी हात वर केला. मीही केला आणि पुढे गेलो. माझ्या पुढच्यांनी केला, मागच्यांनी केला. दुसऱ्या फेरीत आबा पुन्हा तिथेच. हात तसाच वर. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, आबा बाकावर बसले होते.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार माघारी पळायचाच आला. ज्याला मी तीन महिने रोज घाबरत होतो, ते माझ्यासमोर बसलं होतं. कसाबसा जवळ गेलो. सदरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. हाक मारण्याइतका आवाज उरला नव्हता, म्हणून ते हात करत होते, आणि आम्ही सगळे रामराम घालून पुढे जात होतो.

"लई मानसं गेली," ते पुटपुटले. "समद्यांनी हात केला."

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. कानातली गाणी ओढून काढत एक मुलगी धावत आली. तिच्याच गाडीत आम्ही आबांना मागच्या सीटवर घेतलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

"सायेब, मला भ्या वाटतंय."

"मलाही," मी म्हणालो.

धापा टाकत ते म्हणाले, "तुमाला रोज आसंच वाटतंय व्हय?"

मी हो म्हणालो.

"आन तरी रोज येताय?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमी लई धीराचं मानूस हाय."

त्यानंतर आबा पुन्हा कधीच बोलले नाहीत. दवाखाना अजून दोन सिग्नल पुढे होता.